परदेशात दुकान मांडण्यापूर्वी

श्रोतेहो, मुंबईत अंधेरीजवळ मरोळला १९७३ साली ‘सीप्झ’ हे निर्यात-क्षेत्र उभे राहिले. अशा ठिकाणी हात बसलेल्या कारागिराला वाटते, आपणच दुबईत दुकान का काढू नये? जरूर काढावे. पण ‘मी नोकर नव्हे, मालक, मला कसला परवाना?’ ही समजूत मात्र खोटी.

तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत : देशात शिरणे, धंदा नोंदवणे आणि तिथे राहून स्वतः काम करणे. एकीची मुभा मिळाली म्हणजे तिन्हींची मिळाली, असे नाही.

दुबईचेच पाहा. मुक्त क्षेत्राबाहेरच्या कंपनीत ५१ टक्के वाटा स्थानिक माणसाचा लागे. ती अट २०२१ साली बहुतेक धंद्यांपुरती उठली. राहण्याचा परवाना मात्र आजही लागतोच. अमेरिकेत पाहुणा म्हणून जाऊन सौदा ठरवता येतो, गल्ल्यावर बसता येत नाही. भांडवल घालणाऱ्यांसाठी तिथे ‘ई-२’ व्हिसा आहे. पण तो करार असलेल्या देशांच्याच नागरिकांना मिळतो, आणि भारताचा तसा करार नाही.

दलाल यातले काही सांगत नाही. तो म्हणतो, ‘व्हिसा आला, निघा!’ इकडे जमीन गहाण पडलेली असते.

शिक्षकबंधूंनो, गावात असा कागद प्रथम तुमच्यापुढे येतो. वाचताना एवढेच पाहा : यात काम करण्याची मुभा लिहिली आहे काय? नसेल, तर पैसे द्यायच्या आधीच त्या घराला तसे स्पष्ट सांगा.