फेरफाराची नोंद आणि संगणकांतील अवस्था-यंत्र

यवतमाळ जिल्ह्यांत मृगाची चाहूल लागली, कीं कापसाच्या पेरणीची घाई सुरू होते. बियाणें, खत, मजुरी या साऱ्यांस पैसा लागतो आणि तो पुष्कळ घरीं पीककर्जाच्या वाटेनें येतो. दारव्ह्याकडील किंवा झरी-जामणीकडील एखाद्या घरचा कर्ता पुरुष त्याच वर्षीं वारलेला असला, तर मागें राहिलेल्या त्याच्या पत्नीपुढें पैशाच्याहि आधीं नांवाचा प्रश्न उभा राहतो. शेत आतां तिचें आणि तिच्या लेकरांचें आहे, हें सारा गांव जाणतो; परंतु सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अद्याप मृत पतीचेंच नांव आहे. वारसांचीं नांवें तेथें चढेपर्यंत शेत असून नसल्यासारखें, आणि पाऊस तर कोणासाठीं थांबत नाहीं.

हीं नांवें चढविण्याचा मार्ग 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें आंखून दिला आहे. ही संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून अंमलांत आली. तिच्या 149 व्या कलमाप्रमाणें वारसा, वांटणी, खरेदी, गहाण, बक्षीस अशा कोणत्याहि कारणानें जमिनींत हक्क मिळालेल्या मनुष्यानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. नंतर 150 व्या कलमाचें काम सुरू होतें. तलाठी ती वर्दी फेरफाराच्या नोंदवहींत, म्हणजे गांव नमुना सहामध्यें, लिहितो. नोंदीची प्रत चावडींत ठळक जागीं लावतो. आणि ज्यांचा त्या जमिनीशीं संबंध दिसतो त्यांस लेखी कळवितो. कोणी हरकत घेतली, तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहींत, म्हणजे गांव नमुना सहा-अ मध्यें, दाखल होते आणि तिचा निकाल अव्वल कारकुनाहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी देतो. वाद नसलेली नोंद मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करूं शकतो. परंतु संबंधितांस नोटीस बजावल्यावांचून कोणतीहि नोंद प्रमाणित करावयाची नाहीं, आणि प्रमाणित झाल्यावांचून कोणतीहि नोंद अधिकार-अभिलेखांत उतरवावयाची नाहीं.

या कलमांकडे बारकाईनें पाहिलें, तर त्यांत एक यंत्रच मांडलेलें दिसतें. नोंद कोणत्याहि क्षणीं मोजक्या अवस्थांपैकीं एकाच अवस्थेंत असते: ती नुकतीच धरलेली असते, नोटिशीवर असते, विवादग्रस्त असते, प्रमाणित असते किंवा नामंजूर असते. एका अवस्थेंतून दुसरींत जाण्यास ठराविक घटना घडावी लागते, आणि कांहीं ठिकाणीं घटना घडूनहि एक अट पुरी व्हावी लागते. अशा रचनेस संगणकशास्त्रांत स्टेट मशीन म्हणतात. मराठींत तिला अवस्था-यंत्र म्हणावें. जॉर्ज मीली यांनीं 1955 सालीं आणि एडवर्ड मूर यांनीं 1956 सालीं विजेच्या मंडलांचा विचार करतांना या यंत्राचीं जीं दोन रूपें मांडलीं, तीं आजहि त्यांच्याच नांवांनीं शिकविलीं जातात. तथापि, विद्युत्-मंडलांचा गंधहि नसलेला कायदेपंडित तीच रचना आपल्या भाषेंत लिहीत असतो, हें या संहितेवरून ध्यानांत येतें.

आतां नोंदवही कागदावर राहिलेली नाहीं. महाराष्ट्रांत फेरफाराचें काम ई-फेरफार या संगणकप्रणालींतून चालतें, आणि 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांस मिळूं लागला. या एका प्रणालीच्या अंतरंगाची चिकित्सा येथें करावयाची नाहीं. अशी कोणतीहि प्रणाली रचतांना जो एक प्रश्न हटकून पुढें येतो, त्याचा विचार करावयाचा आहे. तो प्रश्न असा कीं, नियम सांगणारें अवस्था-यंत्र आणि नोंदी सांभाळणारा डेटाबेस यांची सांगड कशी घालावी?

डेटाबेस म्हणजे कोष्टकांचें भांडार. आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं 1970 सालीं त्याची गणिती बैठक घालून दिली. फेरफारांच्या कोष्टकांत प्रत्येक फेरफारास एक ओळ असते आणि त्या ओळींत 'अवस्था' नांवाचा एक रकाना असतो. आज्ञावलींत या ओळीचें जें रूप वावरतें, त्यास मॉडेल म्हणतात. अधिकाऱ्यानें संगणकावर नोंद उघडली, कीं ओळीवरून मॉडेल तयार होतें. त्यानें कळ दाबली, कीं मॉडेल अवस्था-यंत्रास विचारतें. यंत्रानें होकार दिला, कीं नवी अवस्था रकान्यांत लिहिली जाते. ही मांडणी सरळ दिसते. परंतु यंत्राला नियम ठाऊक असले, तरी संगणक बंद होतांच त्याला कांहीं आठवत नाहीं. आणि कोष्टकाला सारें आठवत असलें, तरी नियम कशास म्हणतात हें त्याला ठाऊक नसतें. त्याच्या दृष्टीनें 'प्रमाणित' हा इतर शब्दांसारखाच एक शब्द. तो कोणत्या वाटेनें आला, हें कोष्टक आपण होऊन विचारीत नाहीं. पुढील सर्व अडचणी येथूनच निघतात.

पहिली अडचण अनेक दारांची. मुख्य आज्ञावलींत नियमाचा पहारा चोख असतो. पण तालुक्याचें काम तुंबलें म्हणून कोणी एखादी छोटी आज्ञावली लिहून शेंकडों नोंदींच्या रकान्यांत एकदम 'प्रमाणित' हा शब्द भरून टाकतो. नोटीस बजावली होती काय, हें कोणीच विचारीत नाहीं. यावर उपाय असा कीं, अवस्था बदलण्याचें दार एकच ठेवावें आणि त्या दाराचें कुलूप डेटाबेसच्या भिंतींतच बसवावें. कोणत्या अवस्थेंतून कोणत्या अवस्थेंत जातां येतें, याचें एक लहानसें कोष्टक डेटाबेसमध्यें ठेवतां येतें, आणि त्याबाहेरचा बदल डेटाबेसनेंच नाकारावा असें बंधन घालतां येतें. नोटीस बजावल्याची तारीख कोरी असेल तर 'प्रमाणित' हा शब्द त्या ओळींत बसूंच नये, हेंहि सांगून ठेवतां येतें. संहितेंतील परंतुक अशा रीतीनें कोष्टकाच्याहि अंगवळणीं पडतें.

दुसरी अडचण एकाच वेळीं चालणाऱ्या दोन हातांची. उदाहरणादाखल समजूं या कीं, मंडळ अधिकाऱ्यानें सकाळीं अकरा वाजतां त्या विधवेच्या वारसनोंदीचें पान उघडलें. पडद्यावर 'हरकत नाहीं' असें दिसत आहे. तेवढ्यांत तिच्या दिरानें तलाठ्याकडे हरकत दिली आणि ती दाखल होऊन नोंद विवादग्रस्त झाली. अधिकाऱ्याच्या पडद्यावर मात्र दहा मिनिटांपूर्वींचेंच चित्र आहे. तो प्रामाणिकपणें कळ दाबतो. यंत्र त्या जुन्या चित्रावरून होकार देतें. आणि 'विवादग्रस्त' हा शब्द पुसून त्या जागीं 'प्रमाणित' हा शब्द येतो. नियम मोडण्याची इच्छा कोणाचीच नव्हती, तरी नियम मोडला. दिराची हरकत खरी कीं खोटी, हा प्रश्न निराळा. ती ऐकली गेली नाहीं, हा अन्याय. आणि अशी नोंद पुढें अपिलांत उलटली, तर हाल होतात ते त्या बाईचेच.

या अडचणीवर दोन उपाय आहेत. एक म्हणजे नोंद बदलण्याच्या क्षणीं ती ओळ कुलूपबंद करावी, तिची अवस्था ताजी वाचावी, मग नियम लावावा, आणि लिहून झाल्यावर कुलूप काढावें. दुसरा उपाय म्हणजे अटीची आज्ञा: 'या नोंदीची अवस्था अजून मीं पाहिली तीच असेल, तरच ती बदल.' प्रत्येक ओळीस आवृत्तीचा क्रमांक देऊनहि हेंच साधतें. मध्यंतरीं क्रमांक पुढें गेला असेल, तर डेटाबेस 'एकहि ओळ बदलली नाहीं' असें उत्तर देतो आणि अधिकाऱ्यास नवें चित्र पाहावें लागतें. कुंग आणि रॉबिन्सन यांनीं 1981 सालीं या दुसऱ्या पद्धतीचें शास्त्र मांडलें. सारांश, नियम तपासणें आणि बदल लिहिणें या दोन क्रियांमध्यें फट राहूं देतां कामा नये.

तिसरी अडचण अर्धवट राहिलेल्या कामाची. फेरफार प्रमाणित होणें आणि सातबाऱ्यावरील नांवें बदलणें हीं दोन कामें एकमेकांस बांधलेलीं आहेत. पहिलें झालें आणि दुसऱ्याच्या आधीं वीज गेली, तर फेरफार म्हणतो 'झालें' आणि सातबारा म्हणतो 'नाहीं'. म्हणून दोन्ही बदल एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्यें गुंफावे लागतात: होतील तर दोन्ही, नाहीं तर एकहि नाहीं. या हमीचे चार गुण हेर्डर आणि रॉयटर यांनीं 1983 सालीं एका नांवाखालीं एकत्र केले: अखंडता, सुसंगति, अलगपणा आणि टिकाऊपणा. परंतु खातेदारास भ्रमणध्वनीवर संदेश पाठविणें हें काम मात्र त्या गांठोड्यांत बांधूं नये. कोष्टकांतील बदल मागें घेतां येतो. गेलेला संदेश परत बोलावतां येत नाहीं. संदेश पाठवावयाचा आहे एवढी नोंद त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्यें ठेवावी आणि बदल पक्का झाल्यावर निराळ्या आज्ञावलीनें तो पाठवावा.

चौथी अडचण विस्मरणाची, आणि येथें जुन्या दप्तराकडून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. 1853 च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आल्यावर येथें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धतीची मोजणी झाली, आणि शेताचा क्रमांक व खातेदाराचें नांव पटवाऱ्याच्या दप्तरांत आलें. कागदावर शाईनें लिहिलेलें खोडलें तरी खोडल्याची खूण उरते. सातबाऱ्यावर जुनें नांव कमी करतांना त्यास कंस करतात. तें वाचतां येतें, आणि शेजारचा फेरफार क्रमांक तें कां गेलें हें सांगतो. संगणकांतील रकाना मात्र नवा शब्द घेतांना जुना गिळून टाकतो. म्हणून प्रत्येक संक्रमणाची स्वतंत्र ओळ ठेवावी: कोणत्या अवस्थेंतून, कोणत्या अवस्थेंत, कोणी, केव्हां आणि कोणत्या कारणानें. या वहींत भर घालतां यावी. खाडाखोड करतां येऊं नये. फेरफाराची नोंदवही तरी दुसरें काय आहे? सातबारा म्हणजे जमिनीची आजची अवस्था, आणि फेरफार म्हणजे त्या अवस्थेपर्यंत येण्याचा इतिहास. संगणकाच्या रचनाकारांनीं जी शहाणीव ठेंचा खाऊन मिळविली, ती महसुली दप्तरानें पूर्वींच अंगीं बाणविली होती.

अवस्था किती असाव्यात, याचाहि विवेक हवा. नोटीस बजावली आहे कीं नाहीं, हरकत आहे कीं नाहीं, कागद पुरे आहेत कीं नाहींत, अशा प्रत्येक जोडीसाठीं नवी अवस्था निर्माण केली, तर तीन प्रश्नांच्या आठ अवस्था होतात आणि पांच प्रश्नांच्या बत्तीस. डेव्हिड हॅरेल यांनीं 1987 सालीं अवस्थांच्या पोटीं अवस्था आणि शेजारीं शेजारीं चालणाऱ्या अवस्था काढण्याची चित्रपद्धति दिली, ती याच गुंत्यावर. साध्या कामांत मात्र एवढा भेद पाळला तरी पुरतें: ज्यामुळें पुढची वाट बदलते ती अवस्था, ज्यानें वाट केवळ मोकळी होते किंवा अडते ती अट. विवादग्रस्त ही अवस्था आहे, कारण तेथून प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वळतें. नोटिशीची तारीख ही अट आहे.

शेवटीं चुकीचा प्रश्न उरतो. यंत्र कितीहि पक्कें केलें तरी माणूस नांव चुकीचें लिहील, एखादा वारस सुटून जाईल. अशा वेळीं 'मागच्या दारानें रकाना दुरुस्त करा' असा मोह होतो. संहितेनें हा मोह ओळखून उघडें दार ठेवलें आहे: 155 व्या कलमांत लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय आहे आणि 247 व्या कलमांत अपिलाची. अवस्था-यंत्रांतहि परतीच्या वाटा अशाच नांवानिशीं काढाव्यात. दुरुस्ती हेंहि एक संक्रमण आहे. तिलाहि कर्ता, तारीख आणि कारण असलेंच पाहिजे.

हा सारा खटाटोप आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या नीटनेटकेपणासाठीं नाहीं. संहितेच्या 157 व्या कलमाप्रमाणें अधिकार-अभिलेखांतील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. रकान्यांत चुकीच्या वाटेनें आलेल्या एका शब्दासहि कायद्याचा हा विश्वास लाभूं शकतो, आणि मग तो खोटा ठरविण्याचें ओझें ज्याच्यावर पडतें, त्याच्यापाशीं बहुधा वकिलाची फीहि नसते. मृगापूर्वीं बँकेच्या टेबलापाशीं उभ्या असलेल्या त्या बाईला अवस्था-यंत्र हा शब्द कधीं ऐकूं येणार नाहीं. तिनें हातांतला उतारा पुढें करावा, त्यावर तिचें नांव असावें, आणि तें रीतसर वाटेनें आलेलें असल्यामुळें उद्यां कोणाच्या अपिलानें सहजासहजीं ढळूं नये, एवढेंच तिला हवें आहे.