आजीच्या खोलीतला टीव्ही: दुसऱ्या टीव्हीसाठी स्वस्तातलं डिव्हाइस कसं निवडायचं?

हॉलमधल्या मोठ्या टीव्हीबद्दल सगळेच बोलतात. आज आपण आतल्या खोलीतल्या टीव्हीबद्दल बोलू. घरातले व्हिडिओ त्याच्यापर्यंत कमी पैशात कसे पोचवायचे? मी हे एकदा चुकून, पैसे घालवून शिकलोय. तुमचे वाचावेत म्हणून हा भाग.

गेल्या वर्षी आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आमचं कोल्हापूरचं घर जुनं आणि लांबलचक. हॉल पुढे, आजीची खोली पार मागे. काही महिने तिला हॉलपर्यंत येता येणार नव्हतं. तिच्या खोलीत एक जुना टीव्ही होता. स्मार्ट वगैरे नाही, पण मागे एचडीएमआय पोर्ट होतं.

आजीला मालिका नको होत्या. तिला हवी होती आत्याच्या लग्नाची २००४ सालची डीव्हीडी. त्यात आजोबा माइक हातात घेऊन पाहुण्यांना दम देतायत, "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही!" आजोबा आता नाहीत. त्यांचा आवाज असलेलं आमच्याकडे तेवढंच आहे.

ती डीव्हीडी मी जुन्या लॅपटॉपवर कॉपी करून ठेवली होती. सोबत सगळ्यांच्या फोनमधले व्हिडिओही होते. आता हे मागच्या खोलीत न्यायचं होतं.

मी काय केलं? ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसला तो अँड्रॉइड बॉक्स मागवला. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण खोक्यावर मोठ्ठं '४के' लिहिलेलं. व्हिडिओ अडकत अडकत चालायचा, मध्येच आपोआप जाहिराती उघडायच्या, आणि रिमोटवर बटणंच बटणं. दोन दिवसांनी आजी हळूच म्हणाली, "माझ्याकडून काही बिघडलं का रे?" त्यानंतर तिने टीव्ही लाव म्हणणंच सोडून दिलं. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण हे जास्त लागलं.

आणि अशा बेनामी बॉक्समध्ये आणखी एक धोका असतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' बद्दल जाहीर इशारा दिला होता. काही स्वस्त स्ट्रीमिंग बॉक्समध्ये विकण्याआधीच मालवेअर घातलेलं असतं आणि तुमचं घरचं इंटरनेट गुन्हेगारांच्या कामाला येतं. तेव्हा बेनामी बॉक्स नकोच.

मग मी नीट विचार केला. काही घेण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला, फुकटात काम होतंय का? टीव्हीला यूएसबी पोर्ट असेल तर आधी पेन ड्राइव्ह लावून बघा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, एवढं लक्षात ठेवा. आमच्या टीव्हीवर त्यातले फक्त फोटो दिसले, म्हणून पुढे जावं लागलं.

दुसरा, तुमच्या फाइली कसल्या आहेत? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या डीव्हीडीचा व्हिडिओ एमपीईजी-२ असतो. फोनमधले बरेच जुने व्हिडिओ एच.२६४, आणि नव्या फोनमधले अनेकदा एच.२६५. टीव्हीला लावलेलं डिव्हाइस हे सगळं स्वतः चालवू शकलं, तर लॅपटॉपला फक्त फाइल पाठवायची असते. नाही चालवू शकलं, तर लॅपटॉपला व्हिडिओ बदलत बदलत पाठवावा लागतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही. पंखा घरघरतो आणि चित्र अडकतं. म्हणून खोक्यावरचं '४के' वाचू नका, 'एच.२६५' किंवा 'एचईव्हीसी' शोधा.

तिसरा, वायफाय तिथपर्यंत पोचतं का? सगळे सांगतात ५ गिगाहर्ट्झ वापरा. पण आमच्या घराच्या भिंती जाड, त्यांच्यातून ते मागे पोचतच नव्हतं. २.४ गिगाहर्ट्झ वेगाला कमी, पण भिंतींतून जास्त चांगलं जातं. आणि डीव्हीडीच्या व्हिडिओला सेकंदाला १० मेगाबिटसुद्धा लागत नाहीत. मग लॅपटॉप मी केबलने राउटरला जोडला आणि आजीची खोली २.४ वर ठेवली. अडकणं थांबलं.

चौथा, रिमोट कुणाच्या हातात असणार? मला रास्पबेरी पाय घ्यायची फार हौस होती. त्यावर कोडी मस्त चालतं. पण बोर्ड, केस, अ‍ॅडॉप्टर, मेमरी कार्ड असं सगळं धरलं की ते स्वस्त राहत नाही. आणि काही अडलं तर आजी काय करणार? फोनवरून कास्ट करायचं, तर आजीला स्मार्टफोन वापरता येत नाही.

शेवटी ओळखीच्या कंपनीची साधी फुल एचडी स्टिक घेतली, सेलमध्ये. तुम्हीही घ्याल तर आधी बघा, तिच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये व्हीएलसी किंवा जेलीफिन मिळतं का. लॅपटॉपवर जेलीफिनचा सर्व्हर टाकला. तो मोफत आणि ओपन सोर्स आहे, २०१८ मध्ये एम्बीपासून वेगळा झालेला. घरातल्या घरात बघायला इंटरनेटचा डेटाही जात नाही. फक्त झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा.

अजून एक. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून देऊ नका. ती बऱ्याचदा कमी पडते आणि स्टिक सारखी रीस्टार्ट होते. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टरच लावा.

आजीसाठी मी पहिल्याच ओळीत लग्नाचा व्हिडिओ आणला. मधल्या बटणावर लाल टिकली चिकटवली, तिच्याच टिकलीच्या पाकिटातली. सांगितलं, "आजी, फक्त हे दाबायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होतो, तर मागच्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही!" आजीने स्वतः लावलं होतं.

तुमच्या घरात असा कुणाचा टीव्ही आहे? टीव्हीच्या मागच्या पोर्टचा एक फोटो काढून ठेवा, आणि काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात बोलू, जुन्या कॅसेटवरचं कॉम्प्युटरवर कसं आणायचं. तोवर, काळजी घ्या!