पत्राची वाट ठरविणारे नियम
(शिक्षक-मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



टपालाचे काम शिक्षकवर्गाला परके नाही. इंग्रजी अमदानीत अनेक खेड्यांतील शाखा-टपालकचेरी शाळामास्तरांच्याच हाती असे. शाळेच्या कामाबरोबर थैली उघडणे, पत्रे निवडणे आणि बटवडा करविणे ही कामेही त्यांनाच पाहावी लागत. पत्रे निवडणे म्हणजे पाकिटावरील पत्ता वाचावयाचा, आतील मजकुराकडे पाहावयाचे नाही, आणि पत्र कोणत्या थैलीत पडावे एवढे ठरवावयाचे. ई-मेलने येणाऱ्या पत्रांची अशी निवड सर्व्हर नावाचा संगणक करतो. त्याला ही निवड कोणी व कशी शिकविली, आणि ती शिकवण अपुरी राहिली तर पत्राचे काय होते, हा आजचा विषय होय.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह घातले. तेथवर सारे सोपे होते. अडचण पुढे आली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत निरनिराळी जाळी एकत्र नांदू लागली आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत वेगळी होती. अर्पानेट या जाळ्यात @ चिन्ह वापरीत. यूयूसीपी नावाच्या जाळ्यात पत्र पाठविणारानेच सगळी वाट लिहून द्यावयाची असे. पहिला संगणक, मग दुसरा, मग तिसरा, शेवटी माणूस, आणि प्रत्येक नावानंतर उद्गारचिन्ह. कऱ्हाडच्या पाकिटावर ‘पुण्यास न्या, तेथून साताऱ्यास, तेथून कऱ्हाडास’ असे पाठविणारानेच लिहावे, तसा हा प्रकार.

आपल्याकडे ही तसदी पत्रलेखकास पडत नाही. संस्कृत कवी म्हणूनही ख्यात असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तीत पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन बटवड्याची कचेरी दाखवितात. कोठे पोचवावयाचे ते लेखकाने लिहावे, कसे न्यावयाचे ते टपालखात्याने पाहावे, ही कामाची वाटणी शहाणपणाची आहे. ई-मेलही पुढे याच वळणावर आले. १९८६ च्या एका मानकाप्रमाणे प्रत्येक संस्थेने आपले टपाल कोणता संगणक स्वीकारील, आणि तो बंद असल्यास दुसरा कोणता, हे अनुक्रमाने जाहीर करावयाचे ठरले.

परंतु बर्कले येथे तो दिवस अजून यावयाचा होता. क!ख@ग असा पत्ता आला तर काय करावे? एका रीतीने वाचल्यास पत्र प्रथम ‘ग’ संगणकाकडे जावयास हवे, दुसऱ्या रीतीने ‘क’ संगणकाकडे. तेथील एरिक ऑलमन यांच्या विभागातील संगणक अर्पानेटला जोडलेला होता आणि केवळ टपालासाठी त्यावर खाते मागणारांची रीघ लागे. एका जाळ्यातील पत्र दुसऱ्या जाळ्यात नेऊन देणारा कार्यक्रम त्यांनी लिहिला. पहिल्या कार्यक्रमात नियम यंत्राच्या पोटातच शिवलेले होते. एखादा बदलावयाचा तर सगळा कार्यक्रम पुन्हा बांधावा लागे. १९८३ साली बाहेर पडलेल्या ‘सेंडमेल’ या दुसऱ्या कार्यक्रमात त्यांनी नियम बाहेर काढून एका साध्या फाइलीत ठेवले. ही गोष्ट दिसावयास लहान, पण तिचे मोल मोठे. टपाल वाहणारा एक आणि टपालाचे धोरण ठरविणारा दुसरा, अशी फोड येथे झाली.

त्या फाइलीतील प्रत्येक नियमाला दोन अंगे असतात. डावीकडे पत्त्याचा साचा, उजवीकडे त्याचे नवे रूप. साच्यात $* म्हणजे येथे कितीही शब्द असोत, $+ म्हणजे किमान एक हवा, $- म्हणजे नेमका एकच हवा. पत्ता साच्यात बसला की यंत्र तो उजवीकडच्या रूपात फिरवून लिहिते आणि तोच नियम पुन्हा लावून पाहते. बसत नाहीसा झाला की पुढच्या नियमाकडे वळते. नियमात ‘येथे थांब’ अशी खूण करावयास लेखक विसरला आणि फिरवलेला पत्ता पुन्हा त्याच साच्यात बसू लागला, तर यंत्र त्याच ओळीवर गिरक्या घेत राहते. दोन अंगांमध्ये टॅबची मोकळी जागा असावी लागे. तेथे साध्या रिकाम्या जागा पडल्या तर डोळ्यांना नियम अगदी पहिल्यासारखा दिसे, पण चालत मात्र नसे. इतक्या क्लिष्ट लिपीबद्दल सेंडमेलला पुष्कळ बोल लागले आणि ते सर्वस्वी अन्यायाचे होते असे नाही.

आजचे कार्यक्रम वाचावयास पुष्कळ सोपे आहेत. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘एक्झिम’मध्ये नियम ओळीने मांडलेले असतात आणि पत्ता त्यांच्यापुढून क्रमाने जातो. ज्याने तो स्वीकारला, त्याने काम संपविले. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. समजा, एका शिक्षण कार्यालयाच्या सर्व्हरवर दोन नियम आहेत. खाते असलेल्या शिक्षकाचे पत्र त्याच्या पेटीत घालावे, हा एक. नाव कोणतेही असो, पत्र कारकुनाच्या पेटीत घालावे, हा दुसरा. दुसरा नियम चुकून वर लिहिला गेला, तर पहिल्याची पाळी कधीच येणार नाही. यंत्र तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

यापेक्षा फसवा प्रकार बदलीचा. एका गुरुजींची बदली होते. जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे नव्या पत्त्याकडे पाठवावीत असा नियम लिहिला जातो. काही वर्षांनी ते मूळ शाळेत परततात. आता नव्या पत्त्याकडून जुन्याकडे पाठविण्याचा दुसरा नियम येतो आणि पहिला काढावयाचा राहतो. प्रत्येक नियम एकेकटा पाहिला तर बिनचूक. दोन्ही मिळून मात्र पत्र विटीसारखे इकडून तिकडे उडत राहते. यावर उपाय जुन्या टपालातलाच आहे. प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर आपला शिक्का मारतो, आणि शिक्के ठरावीक संख्येपलीकडे गेले की पुढचा सर्व्हर पत्र परत धाडतो. परत धाडलेल्या पत्रावर पाठविणाराची जागा मुद्दाम कोरी ठेवतात, म्हणजे ते पुन्हा परत फिरत नाही.

आता शेवटच्या नियमाकडे वळू. कोणत्याही साच्यात न बसलेल्या पत्राचे काय करावे? जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या मानकात याचे उत्तर आहे. ज्या सर्व्हरने पत्र ‘घेतले’ असे म्हटले, त्याने ते पोचवावे किंवा पाठविणारास परत कळवावे. पुढचा संगणक तात्पुरता बंद असेल तर पत्र रांगेत ठेवून चार-पाच दिवस पुन:पुन्हा खटपट करावी. त्यातही उत्तम म्हणजे, नाव अनोळखी असेल तर पत्र घेण्यापूर्वी दारातच नकार द्यावा. घेऊन मग परत पाठविण्यात एक धोका असतो. पाठविणाराचे नाव बनावट असल्यास भलत्याच माणसाच्या दारी परतीची पत्रे पडतात. सर्वांत वाईट नियम म्हणजे न बसलेले पत्र मुकाट्याने फेकून देणे. फसवणुकीच्या टपालाचा उपद्रव वाढल्यामुळे असे नियम लिहिण्याचा मोह होतो, तथापि नंतरचे मानक तेथे अत्यंत खात्री असावी असे बजावते. शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी कळविणारे पत्र असे नाहीसे झाले, तर पाठविणारा समजतो पोचले, पालक समजतो आलेच नाही. मुदत निघून जाते आणि दोघे एकमेकांस दोष देतात. कोणत्याही नोंदवहीत ती चूक सापडत नाही.

हे सारे संगणकावाचून चौथीच्या वर्गात दाखविता येते. फळ्यावर चार नियम लिहावेत, मुलांकडून पंधरा-वीस चिठ्ठ्यांवर पत्ते लिहवून घ्यावेत आणि एका मुलास सर्व्हर करावे. त्याने स्वतःचे डोके चालवावयाचे नाही. फळ्यावरील शब्द जसाच्या तसा पाळावयाचा. मुले ओळखीची नावेच लिहितात, म्हणून दोन-तीन चिठ्ठ्या गुरुजींनी हळूच मिसळाव्यात: एक चुकीच्या शुद्धलेखनाची, एक दोन नियमांत बसणारी, एक गावात नसलेल्या माणसाची. सेंडमेल आणि एक्झिम या दोहोंतही पत्र न पाठविता केवळ पत्ता तपासून पाहण्याची सोय आहे, तिचेच हे रूप. शेवटी त्या मुलाच्या हातात ज्या चिठ्ठ्या उरतील, त्यांच्यासाठी पाचवा नियम कोणता लिहावा, हे फळ्यापाशी येऊन मुलांनाच लिहू द्यावे.