ट्रकवाल्याची कंबर आणि आपला रस्ता
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आरोग्यावर दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी आरोग्यावरच बोलणार आहे. पण आपल्या नव्हे, ट्रक चालवणाऱ्यांच्या. माझे यजमान २२ वर्षे ट्रक चालवीत आहेत, आणि आपल्या गल्लीतली कितीतरी घरे याच चाकांवर चालतात.

आपल्या जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. एक सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा करीत हैदराबादकडे जाणारा. दुसरा तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून बीडकडे जाणारा. खेपेवरून आलेला माणूस उतरताना दाराला धरून क्षणभर थांबतो, हे आपण पाहतोच. त्याची कंबर धरलेली असते. मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. तासन्‌तास बसून तिच्यावर भार येतो, त्यात गाडीचे हादरे. अशा दमलेल्या पाठीने उतरल्याबरोबर माल उचलला, की ती दुखावते. क्लच दाबून गुडघ्याची आणि आरशाकडे वळून मानेचीही तीच गत.

दुखणे त्याचे, इतरांना काय, असे कोणी म्हणेल. पण ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. कंबरेत चमक आली आणि तेवढ्यात लक्ष ढळले, तर? कोजागिरीला याच रस्त्यांनी माणसे तुळजापूरला पायी जातात. शिवाय दुखण्याने झोप मोडते, आणि काही गोळ्यांनी गुंगी येते.

१९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. पण पैसे खेपेवर मिळतात, तेव्हा घड्याळाकडे कोण पाहतो? दुखते म्हटले तर मालक खेप दुसऱ्याला देईल, म्हणून हे बोलतच नाहीत.

मग आपण काय करावे? कंबरेमागे ठेवायला पंचाची घट्ट गुंडाळी द्यावी. दोन तासांनी उतरून चार पावले चालायला सांगावे, आणि उतरल्यावर लगेच ओझे उचलू देऊ नये. गोळी घेण्यापूर्वी, ‘ही घेऊन गाडी चालवता येईल का?’ असे डॉक्टरांना विचारावे. पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गाडी चालू असताना ‘कुठवर आलात?’ म्हणून फोन करू नये.

आणि भगिनींनो, दुखते म्हणून त्याने एखादी खेप सोडली, तर घरात त्याला बोल लावू नये. महिन्याचा किराणा उधारीवर आणता येतो. मी तो आणला आहे. घरचा माणूस मात्र उधार मिळत नाही.