दात्याचे हाड, रुग्णाचा खांदा



दात्याच्या हाडाने रुग्णाचा खांदा सावरण्याच्या आजच्या विषयाला मुंबई शोभते. इथल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 साली टिशू बँक सुरू झाली. दात्याचे हाड धुऊन, गोठवून-सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचे काम तिथे होत आले आहे. अशा प्रक्रियेने प्रतिकारशक्तीचा रोष कमी होतो, पण हाडाची ताकदही थोडी जाते. फुकट काही मिळत नाही.

दात्याच्या हाडाची कहाणी दंडापासूनच सुरू होते. 1880 च्या सुमारास ग्लासगोत विल्यम मॅकेवेन यांनी एका लहान मुलाच्या, जंतुसंसर्गाने गेलेल्या दंडाच्या हाडाच्या जागी मुडदूस झालेल्या मुलांच्या नडगीचे तुकडे बसवले. हाड धरले. रक्तगटसुद्धा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते!

खांदा वारंवार निखळून खोबणीची कड झिजली, की आपण लाटार्जे शस्त्रक्रिया करून तिथे हाडाचा तुकडा बसवतो. त्यात हाड रुग्णाचेच, त्यामुळे प्रतिकारशक्तीशी तंटा नाही. ती फसली, तर दात्याच्या नडगीचे घोट्याकडचे टोक आणतो. त्यावरच्या कूर्चेच्या पेशी आपल्या आवरणात बऱ्यापैकी सुरक्षित असतात. कुरापत काढतात त्या मज्जेतल्या पेशी. म्हणून तो तुकडा पल्स लवाजने, म्हणजे धडधडत्या फवाऱ्याने, पांढरा पडेपर्यंत धुवायचा असतो. हे काम ज्युनिअरवर टाकून सर्जनने चहाला जाऊ नये.

दात्याची किडनी शरीराने नाकारली तर रक्तातले क्रिएटिनिन चढते. हाडाचे तसे नाही. ताप नाही, सूज नाही, आणि काही महिन्यांनी सीटीत कड विरलेली, तुकडा धरणाऱ्या स्क्रूचे डोके उघडे. हे प्रतिकारशक्तीने केले, कातडीतल्या क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेसने, की तुकड्यावर भारच न आल्याने तो विरघळला? आपण बहुधा स्क्रूला दोष देऊन मोकळे होतो. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या एचएलए प्रथिनांविरोधी अँटिबॉडी सापडल्या म्हणजे हाड जाणारच, असेही नाही. पण त्याच रुग्णाला उद्या किडनी लागली, तर त्या आडव्या येऊ शकतात. संमतीपत्र घेताना हे किती जण सांगतो?

तेव्हा स्वागत समितीची विनंती आहे: दुपारच्या सत्रात फसलेल्या केसेसही मांडा. सीटी आणा, चौदा दिवस ठेवलेल्या कल्चरचा रिपोर्ट आणा, आणि ग्राफ्टचा बॅच नंबर विसरू नका.