सुलतान आणि त्याची दोन भावंडं

परवा आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी विचारत होत्या, ‘‘भाऊ, केस न गळणारं कुत्रं मिळतं म्हणे, लॅब्राडूडल. घ्यावं का?’’ त्यांच्या मुलाला दमा आहे आणि त्याच मुलाला कुत्रा हवा आहे. पिल्लं विकणाऱ्यानं ‘ॲलर्जी होणारच नाही’ असं छातीठोकपणे सांगितलेलं. मी त्यांना एक गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हालाही सांगतो.

वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ ऑस्ट्रेलियात, अंधांना वाटाडे कुत्रे पुरवणाऱ्या संस्थेत, कुत्र्यांची पैदास पाहत असत. १९८०च्या दशकात त्यांच्याकडे हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंची मागणी आली. बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी! कॉनरननी आधी पूडल जातीचे कुत्रे शिकवून पाहिले. एक-दोन नव्हे, तब्बल ३३. एकही या कामाला उतरला नाही. शेवटी त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तेव्हा त्या नवऱ्याला तिघांपैकी फक्त एक पिल्लू चाललं. त्याचं नाव सुलतान.

उरलेल्या दोघांना मात्र कुणी घरी न्यायला तयार होईना. संकर कुत्रं कुणाला हवंय? तेव्हा कॉनरननी त्यांना ‘लॅब्राडूडल’ असं नवं नाव दिलं आणि बातमी वर्तमानपत्रांपर्यंत पोचवली. फोन खणखणू लागले. कुत्रं तेच, नाव तेवढं नवं! (आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्याला असं एखादं नाव कुणी का देत नाही, कोण जाणे.)

आता मुद्द्याचं. ॲलर्जी केसांमुळे होत नाही. ती होते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ती प्रथिनं प्रत्येकच कुत्र्याच्या अंगावर असतात. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लॅब्राडूडल, पूडल वगैरे ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ जातींचे केस तपासले. इतर कुत्र्यांपेक्षा त्यांच्या केसांत हे प्रथिन उलट जास्तच निघालं. घरातल्या हवेत म्हणाल, तर फरक नव्हता.

केस गळत नाहीत, हेही अर्धंच खरं. एकाच वेतातलं एक पिल्लू लॅब्राडोरसारख्या सरळ केसांचं, तर दुसरं कुरळं निघू शकतं. कुरळे केस कमी गळतात, पण सारखे वाढत राहतात. नियमित विंचरले नाहीत, कापले नाहीत, तर त्यांच्या जटा होतात आणि खाली कातडी सोलवटते. स्वभावानं हे कुत्रं बहुधा हुशार आणि माणसांत रमणारं असतं. पण आई-बाप दोघंही पाण्यातून शिकार उचलून आणणाऱ्या जातींचे. त्यामुळे दोन खोल्यांत दिवसभर कोंडलं, तर सोफ्याचं काही खरं नाही. शिवाय खुब्याच्या सांध्याचा आणि डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक आजार दोन्ही जातींत आढळतो. आई-बापांची तपासणी न करता नुसता संकर केला, म्हणून पिल्लं निरोगी होत नाहीत. कॉनरन यांना पुढे याचंच वाईट वाटत राहिलं. पैशासाठी वाटेल तशी पैदास करणारे बोकाळले, म्हणून २०१९ साली एका मुलाखतीत त्यांनी या प्रकाराबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला.

मी वहिनींना म्हटलं, आधी मुलाच्या डॉक्टरांना विचारा. मग जे पिल्लू घ्यायचं, त्याच पिल्लाजवळ मुलाला चार-पाच वेळा तासभर बसवून पाहा. आई-बाप कुत्र्यांचे तपासणीचे कागद मागा. त्या गेल्या आणि संध्याकाळीच परत आल्या. ‘‘तो म्हणतो, कागद-बिगद काही नाहीत, आणि पैसे भरल्याशिवाय पिल्लाला हात लावायचा नाही.’’

पिल्लू अजून आलेलं नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. मुलानं नाव तेवढं ठरवून ठेवलंय.