वय कोण लिहितं?

(शिरपूर जैन, ता. मालेगाव, जि. वाशीम इथल्या युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या गावचा देव अधांतरी आहे असं लोक मानतात. अंतरिक्ष पार्श्वनाथ. मूर्ती जमिनीला टेकत नाही म्हणतात. मी कोणाच्या श्रद्धेला हात घालायला आलेलो नाही. पण ह्या देवळाच्या कुलपाची गोष्ट मला आज पाहिजे. दिगंबर आणि श्वेतांबर यांचा तंटा. १९२९ साली तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. १९८१ ला कुलूप लागलं. बेचाळीस वर्षं मूर्ती आत आणि भक्त बाहेर. शेवटी सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्च महिन्यात ते कुलूप उघडलं. बातम्या झाल्या, गर्दी झाली.

त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्याच सुप्रीम कोर्टानं दुसरं एक कुलूप उघडायला सांगितलं. ते नागपूर सेंट्रल जेलचं. त्या कुलपाच्या आत एक माणूस होता. तोही अधांतरी. पंचवीस वर्षं त्याच्या डोक्यावर फासाचा दोर लोंबत होता. आणि त्याच्यासाठी मोर्चा काढायला कोणताही पंथ नव्हता. मी त्याच्याबद्दल बोलणार आहे.

सरकारी कागदावर त्याचं नाव नारायण चेतनराम चौधरी. शाळेच्या रजिस्टरात नाव निरानाराम. राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातलं जालबसर हे त्याचं गाव. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात, कोथरूडला, एका घरात सात माणसांची हत्या झाली. पाच बाया, त्यातली एक पोटुशी, आणि दोन लेकरं. भयंकर गुन्हा. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि आला पाहिजे. सप्टेंबरात अटक झाली. १९९८ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या कोर्टानं फाशी सुनावली. १९९९ ला हायकोर्टानं ती कायम केली. २००० ला सुप्रीम कोर्टानं कायम केली. फेरविचाराचा अर्जही त्याच वर्षी फेटाळला.

तीन कोर्टं. तीन वेळा फाईल वाचली गेली. तीन वेळा शिक्का बसला. आणि २०२३ साली तेच सुप्रीम कोर्ट म्हणालं, गुन्हा घडला त्या दिवशी ह्या आरोपीचं वय बारा वर्षं सहा महिने होतं.

बारा वर्षं सहा महिने. सातवीतलं पोरगं. तुमच्या घरात ह्या वयाचं पोरगं असेल तर आज घरी गेल्यावर त्याच्याकडं जरा बघा. त्याला दप्तर सांभाळता येत नाही, आणि ह्या देशाच्या न्यायव्यवस्थेनं त्याला फाशीच्या कोठडीत वाढवलं. मिसरूड तिथं फुटली. जवानी तिथं गेली. चाळिशी तिथंच ओलांडली.

कोणी म्हणेल, कायदा तेव्हा नसेल. खोटं. कायदा होता. १९८६ चा बालन्याय कायदा जम्मू-काश्मीर सोडून सगळ्या देशाला लागू होता. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला फाशी देता येत नाही, हे त्याच्या २२ व्या कलमात लिहिलेलं होतं. मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केला होता. म्हणजे गुन्ह्याच्या आधी पावणेदोन वर्षं. आणि जालबसरच्या शाळेचं रजिस्टर? ते १९९४ ला पण त्याच शाळेत होतं. १९९८ ला पण होतं. १ फेब्रुवारी १९८२ ही जन्मतारीख त्यात तशीच लिहिलेली होती. पुण्याहून एक हवालदार एसटीनं, रेल्वेनं तिथं गेला असता तर आठवड्यात कागद हातात आला असता. तो कागद कोर्टात तपासला जायला २०१९ उजाडलं. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी करून अहवाल दिला, आणि त्यावर निकाल यायला आणखी चार वर्षं गेली.

आजच्या कायद्यानं अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. तो राहिला अठ्ठावीस वर्षं. वरची पंचवीस वर्षं कोणाच्या खात्यावर मांडायची? दुकानदार पाच रुपये जास्त घेतो तर आपण भांडतो. इथं पंचवीस वर्षं जास्त घेतली आणि पावतीसुद्धा नाही.

आता तुमच्यातला एखादा उठून म्हणेल, भाऊ, सात माणसं मेली त्याचं काय? त्या दोन लेकरांचं काय? प्रश्न बरोबर आहे. मी त्या घराच्या दुःखाला लहान करत नाही. गुन्हा झाला, शिक्षा पाहिजे. पण लेकराला शिक्षा लेकराच्या कायद्यानं. हा कायदा माझ्या दयेतून आलेला नाही. बारा वर्षांच्या डोक्यात जग अजून पुरतं उतरलेलं नसतं, त्याला कोणीही वापरतं, कोणीही ओढून नेतं, हे जगानं अनुभवानं शिकून लिहिलेलं आहे. आणि सरकारच जर स्वतःचा कायदा मोडून लेकराला फासाकडं नेत असेल, तर आरोपीच्या पिंजऱ्यात आता सरकारनं उभं राहायचं.

त्याची जात मला विचारू नका. आपल्या जातीचा असेल तरच रडायचं, ही रीत आपण ज्यांच्याशी लढतो त्यांची आहे.

पण जातीचं बोलायचंच असेल तर नाशिकला चला. जून २००३. नाशिकजवळ एका झोपडीवर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा खून, बायांवर अत्याचार. पोलिसांनी सहा जण धरले. सहाही भटक्या जमातीतले. मजुरी करून खाणारे. ज्यांच्या आज्यापणज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावर १९५२ ला पुसला गेला, पोलिसांच्या डोक्यातून मात्र पुसला गेला नाही. २००६ ला सहाही जणांना फाशी. हायकोर्टानं २००७ ला तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सुप्रीम कोर्टानं २००९ ला पुन्हा सहाही जणांना फाशी. निकालाचं नाव अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

पुढं निघालं काय? ह्या सहांतला एक गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतला होता. म्हणजे देशाच्या सर्वोच्च कोर्टानं एका अल्पवयीन मुलाची फाशी पक्की करून ठेवली होती. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चार जणांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचा तपासच केला नाही! खरे मोकळे, आणि पालातली पोरं फाशीच्या कोठडीत.

कोर्टानं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले. मी हिशोब केला. सोळा वर्षांचे पाच लाख. दिवसाला ८६ रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्या साली महाराष्ट्रात रोजगार हमीवर खड्डे खोदायची मजुरी २०६ रुपये होती. म्हणजे मरणाच्या भीतीखाली काढलेल्या दिवसाची किंमत खड्डा खोदण्याच्या निम्मीसुद्धा नाही.

त्याच निकालात कोर्टानं राज्य सरकारला आणखी एक सांगितलं होतं. तपासात कसूर करणारे अधिकारी शोधा, नोकरीत असतील तर कारवाई करा. माझा प्रश्न सरकारला नंतर आहे. आधी तुम्हाला आणि मला आहे. त्या आदेशाचं काय झालं हे विचारायला आपण कितीदा मंत्रालयावर गेलो? पुतळ्याला हात लागला तर तासाभरात रस्त्यावर येणारे आपण. जिवंत माणसाच्या मानेला दोर लागला तेव्हा कुठं होतो?

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ साली देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. शंभरातले शहात्तर कैदी मागास जातीजमाती आणि धार्मिक अल्पसंख्याकांतले. शंभरातले चौऱ्याहत्तर गरीब. आणि महाराष्ट्रात फाशीच्या कोठडीतले निम्मे अनुसूचित जातीजमातीचे. गावाबाहेर वस्ती कोणाची, हे जसं विचारावं लागत नाही, तसं फाशीच्या यार्डात वस्ती कोणाची हेही विचारू नका.

बाबासाहेबांना हे कळत होतं. संविधान सभेत ३ जून १९४९ रोजी फाशीच्या अपिलांवर चर्चा चालू होती. तेव्हा ते म्हणाले की, त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करायला माझा पाठिंबा राहील. आपण बाबासाहेबांचा फोटो मिरवतो, त्यांचं हे म्हणणं मिरवत नाही. खैरलांजीनंतर आपण रस्त्यावर उतरलो आणि फाशी, फाशी म्हणून ओरडलो. तो संताप खरा होता. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ ला सहा जणांना फाशी दिली, २०१० ला हायकोर्टानं ती काढली. पण फाशीचं यंत्र एकदा चालू ठेवलं की ते आपल्या शत्रूसाठी राखीव राहत नाही. ते आपल्याच वस्तीकडं वळतं. २०१४ ला खर्ड्याला नितीन आगे मारला गेला. सतरा वर्षांचा. साक्षीदार फिरले आणि २०१७ ला सगळे आरोपी सुटले. आपलं पोर मेलं तर गुन्हेगार सापडत नाही, आणि गुन्हेगार सापडला नाही तर आपलं पोर सापडतं. ही ह्या देशाची न्यायाची रीत.

हे फक्त इथलंच नाही. अमेरिकेत, साऊथ कॅरोलिनात, १९४४ साली जॉर्ज स्टिनी नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला विजेच्या खुर्चीत बसवून मारलं. खटला एका दिवसात उरकला. ज्युरीत एकही काळा माणूस नाही. दहा मिनिटांत दोषी. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची, त्याला ती मोठी पडली. २०१४ ला कोर्ट म्हणालं, तो खटलाच बरोबर नव्हता. सत्तर वर्षांनी! इराणमध्ये दिलारा दाराबी नावाची चित्रं काढणारी मुलगी सतराव्या वर्षीच्या गुन्ह्यासाठी १ मे २००९ ला फासावर गेली. अमेरिकेनं अठराच्या आतल्या गुन्ह्याला फाशी बंद केली ती २००५ साली. आपण कागदावर कधीच बंद केली आहे. कागदावर! उत्तराखंडातल्या एका मुलानं चौदाव्या वर्षीचा गुन्हा सांगत पंचवीस वर्षं काढली आणि सुप्रीम कोर्टानं त्याला जानेवारी २०२५ मध्ये सोडलं. निरानारामला मरण आलं नाही ह्यात व्यवस्थेचं काहीच कर्तृत्व नाही. उशीर झाला म्हणून तो वाचला. उद्या कोणाची फाईल वेळेवर हलली तर?

आता मुद्द्यावर येतो. वय कोण लिहितं?

इथं ज्यांची जन्मतारीख १ जून आहे त्यांनी हात वर करा. बघा! माझाही हात वर आहे. अर्ध्या महाराष्ट्राचे आईबाप काय १ जूनच ठरवून बसले होते? मायनं सांगितलं, पेरणीच्या वक्ताला झाला, नाहीतर मोठ्या पुराच्या साली झाला. मास्तरनं शाळा उघडायचा हिशोब धरून १ जून टाकली. आपलं वय मास्तर लिहितो. पालातलं पोरगं शाळेतच गेलं नाही तर ग्रामपंचायत लिहिते. तिथंही नोंद नसेल तर डॉक्टर हाडाचा फोटो काढून अंदाज सांगतो, त्यात दोन वर्षं इकडंतिकडं होतात. आणि हे सगळं व्हायच्या आधी रात्री दोन वाजता ठाण्यातला जमादार लिहितो. दाढी दिसली, एकोणीस. आवाज फुटला, वीस. तो आकडा मग रिमांडात जातो, आरोपपत्रात जातो, निकालात जातो आणि शेवटी फासाच्या हुकमात जातो. बंगल्यातल्या पोराला हे होत नाही. त्याचा बाप वकील आणि जन्मदाखला घेऊन पहाटेच ठाण्यात हजर असतो.

म्हणून मागण्या. भीक नाही.

एक. अटक झाल्यावर पहिल्याच रिमांडला मॅजिस्ट्रेटनं वयाचा कागद मागितलाच पाहिजे. मूल वाटलं तर लॉकअप नाही, जेल नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं. हे कायद्यात लिहिलेलं आहे, आम्हाला अंमल पाहिजे.

दोन. कोणत्याही कोर्टात, निकाल लागून गेल्यावरसुद्धा, वयाचा मुद्दा काढता येतो. कायद्याचं ९ वं कलम आहे. हे प्रत्येक जेलच्या भिंतीवर मराठीत लिहा आणि कैद्याला वाचून दाखवा.

तीन. ज्याला बेकायदा फाशी सुनावली तो सुटला म्हणजे प्रकरण संपलं नाही. कागदावर खोटं वय कोणी लिहिलं, न तपासता सही कोणी केली, दाखला मागवायचा राहिला तो कोणामुळं, ह्याची उघड चौकशी. नावानिशी. निवृत्त झाला म्हणून माफी नाही.

चार. भरपाई. १९८३ ला रुदल शाहच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंच बेकायदा तुरुंगवासाची भरपाई द्यायला लावली. तेव्हा पस्तीस हजार. मग पंचवीस वर्षांचे किती, ते सरकारनं कोर्टात उभं राहून सांगावं.

आणि पाचवी मागणी तुमच्याकडं आहे. शहरातून आलेल्या दोस्तांनो, तुमच्यात वकिलीला शिकणारे आहेत, पत्रकार आहेत. नुसती कविता लिहून चालणार नाही. अमरावती, नागपूर, येरवडा, नाशिक. जेलमध्ये अर्ज करून जा. फाशीच्या आणि जन्मठेपेच्या प्रत्येक गरीब कैद्याला एकच विचारा, तू कोणत्या शाळेत होतास? मग ती शाळा शोधा, हेडमास्तरला भेटा, रजिस्टर उघडा. जालबसरचं रजिस्टर पंचवीस वर्षं वाट बघत पडलं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या कपाटांत अशी किती रजिस्टरं पडली आहेत? उद्यापासून मोजायला लागा. मालेगाव तालुक्यापासून सुरू करू. ज्याला यायचं त्यानं सभा संपल्यावर नाव द्या.

जय भीम.